परमिट रूममध्ये कॅसिनोचं टेबल मांडण्याआधी

हिंगोलीपासून वसमतपर्यंत आमच्या धंद्यातलं कोणी ना कोणी दरवर्षी दिवाळी सरली की एकच गोष्ट विचारतं: थर्टी फर्स्टला ‘कॅसिनो नाइट’ ठेवली तर जमेल का? माझी स्वतःची परमिट रूम आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्याही दारात येऊन गेला. पुण्याहून एक इव्हेंटवाला आला होता. रूलेटचं चाक, हिरव्या कापडाची टेबलं, पत्ते वाटणारी मुलं, चिप्सच्या पेट्या, सगळं भाड्याने. “मालक, प्रवेश हजार रुपये ठेवा. त्यातच चिप्स द्या. रात्री ज्याच्याकडे जास्त चिप्स, त्याला टीव्ही. टेबलावर पैसा येतच नाही, मग जुगार कसला?” बोलणं पटण्यासारखं होतं. तरी अ‍ॅडव्हान्स देण्याआधी मी वकील साहेबांकडे गेलो. शेजारच्या जिल्ह्यातला आमचा एक व्यवसायबंधू गेला नाही.

त्याने रात्र ठेवली, व्हॉट्सअ‍ॅपवर जाहिरात फिरवली, गर्दीही झाली. ऐन रंगात स्थानिक गुन्हे शाखेचं पथक पंचांना घेऊन आत आलं. चाक, पत्ते, चिप्स आणि गल्ल्यातली रोकड मुद्देमाल म्हणून जप्त झाली. शिवारात आडोशाला तिर्रट खेळणाऱ्यांवर जो कायदा चालतो, तोच एसीत बसलेल्या गिऱ्हाइकांवर चालला. त्यात एक शिक्षक होते, एक खताचे दुकानदार होते. दुसऱ्या दिवशी पेपरात नावं आली. मालकाचा खटला अजून संपलेला नाही, आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाची नोटीस वेगळीच. त्याचा सगळ्यात मोठा तोटा मात्र कुठल्याच कागदावर नाही. रविवारी बायकामुलांना घेऊन जेवायला येणारी कुटुंबं परत त्याच्या हॉटेलाकडे वळली नाहीत.

वकिलांनी मला जे समजावलं, ते प्रत्येक बारमालकाने नीट ऐकावं असं आहे. आपल्याकडे लागू आहे तो १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा. आता त्याच्या नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलं आहे. त्यातली जुगारअड्ड्याची व्याख्या टेबलावर पैसा दिसतो का एवढंच बघत नाही. जागेचा किंवा खेळाच्या साहित्याचा मालक त्यातून फायदा घेतो का, हे बघते. तो फायदा नाल काढून घेतला, टेबलाचं भाडं म्हणून घेतला की प्रवेश फी म्हणून, याने फरक पडत नाही. बक्षीसही रोखच असावं लागत नाही, वस्तू असली तरी चालते. म्हणजे इव्हेंटवाल्याचे हजार रुपये ही पणाला लावलेली रक्कम, टीव्ही ही जिंकलेली रक्कम, आणि मी अड्ड्याचा मालक. कलम ४ मध्ये मालकाला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि आत सापडलेल्या गिऱ्हाइकासाठी कलम ५ आहे. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ११२ मध्ये टोळीने चालवलेला बेकायदा जुगार ‘किरकोळ संघटित गुन्हा’ ठरतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. मालक, इव्हेंटवाला आणि पत्ते वाटणारी पोरं मिळून टोळी ठरवायला किती वेळ लागेल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

“पण महाराष्ट्रात कॅसिनोचा कायदा आहे ना?” हे मी फार जणांकडून ऐकतो. १९७६ साली कॅसिनो नियंत्रण व कर कायदा विधिमंडळाने केला होता, हे खरं. मात्र तो कधी लागूच झाला नाही, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. त्याच्या जोरावर कोणी परवाना मिळवून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. गोव्याचा दाखलाही कामाचा नाही. गोव्याने स्वतःच्या जुगार कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना मुभा दिली, आणि पुढे मांडवीतल्या जहाजांवर टेबलांना. तिथेही सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर ४० टक्के जीएसटी आहे. तो खेळ आपल्या ऐपतीचाही नाही आणि आपल्या कायद्यातलाही नाही.

मग रमी? रमीत कौशल्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटलं. प्रकरण सिकंदराबादच्या एका क्लबाचं होतं आणि कायदा जुन्या हैदराबाद संस्थानाचा. आपला हा मुलूख १९५६ पर्यंत त्याच हैदराबादकडे होता, म्हणून मी तो निकाल मुद्दाम समजून घेतला. त्यात तीन पत्तीला न्यायालयाने निव्वळ नशिबाचा खेळ म्हटलं आहे. रमीबद्दलही बजावलं आहे की पैसे लावून चाललेल्या खेळातून क्लबाचा मालक नफा काढत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. निकालाचा पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ असतो. दुसरा कोणी सांगत नाही.

उधारीचंही सांगतो. पैजेचा करार १८७२ च्या करार कायद्याने निरर्थक आहे, आणि आपल्या भागात त्याला लागून केलेले करारही टिकत नाहीत. खेळायला दिलेली उधारी बुडाली, तर कोर्टात मागायला तोंड उरत नाही.

नफ्याची ओढ मला कळते. १ नोव्हेंबर २०२३ पासून परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला, पुढे उत्पादन शुल्क वाढलं, आणि १४ जुलै २०२५ ला राज्यभरच्या बारमालकांनी बंदही पाळला. अशा दिवसांत एका रात्रीत गल्ला भरतो म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो. पण आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात काय होतं ते आठवा. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून शेतकरी ती मार्केट यार्डात आणतो आणि पट्टीचे पैसे घेऊन संध्याकाळी गावाकडे निघतो. त्या पैशात पुढचं बेणं असतं, सोसायटीचं कर्ज असतं, पोरीचं लग्न असतं. असा माणूस माझ्याकडे जेवायला थांबतो. त्याच्यासमोर मी चाक फिरवत ठेवायचं? कायद्याने उद्या मुभा दिली तरी हे मी करणार नाही, आणि तुम्हीही करू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

कमवायचंच असेल तर ताटातून कमवा. मी थर्टी फर्स्टला आगाऊ नोंदणीचं ठरलेलं जेवण ठेवतो, मटण किंवा शाकाहारी. किती पानं होणार हे आधी कळतं, त्यामुळे माल वाया जात नाही आणि रात्रीचा नफा दुपारीच हिशेबात येतो. कॅरम मांडतो, सिनेमाच्या गाण्यांवर प्रश्नमंजुषा घेतो. त्याला फी नाही, बक्षीसही नाही. तरी माणसं दोन तास जास्त बसतात आणि आणखी एकदा स्टार्टर मागवतात.

कोणाला रूलेटची हौस नुसत्या करमणुकीसाठीच भागवायची असेल, तर चिप्स सगळ्यांना सारख्या आणि फुकट द्या. त्यांचा बिलाशी संबंध ठेवू नका, वेगळा प्रवेश लावू नका, रात्री चिप्स पेटीत परत घ्या, जिंकणाऱ्याला पेलाभर बिअरसुद्धा देऊ नका. जाहिरातीत दारू येता कामा नये, दारूबंदी कायद्यात त्याला मनाई आहे. एवढं करूनही स्वतःच्या समजुतीवर जाऊ नका. पोलीस ठाणे आणि उत्पादन शुल्क कार्यालय दोघांना ऑक्टोबरमध्येच पत्र द्या, काय मांडणार ते फोटोसह लिहा आणि शिक्क्याची पोच घ्या. इव्हेंटवाल्याला पैसे देताना परवानगी न मिळाल्यास रक्कम परत, हे कागदावर सहीनिशी घ्या. डिसेंबरच्या मध्यापर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर टेबलं मागवू नका, नोंदणी जेवणाचीच घ्या.