पंखाचं टोक

ओझरच्या कारखान्यातून निघालेलं सुखोई घरावरून गेलं की ताटातली वाटी थरथरायची. त्या आवाजात वाढलेल्या मला इंजिनच नसलेल्या विमानाची ओढ लागली आणि एकोणिसाव्या वर्षी मी ग्लायडिंग शिकायला गेलो. मैदानाचं नाव सांगत नाही, कारण चूक माझी होती.

ग्लायडर वर नेणारं विंच समोर दूरवर, जवळजवळ किलोमीटरवर असतं. ड्रमवर केबल गुंडाळली जाते, पोटाखालच्या हुकातली कडी ताणली जाते आणि तीन-चार सेकंदांत ग्लायडर उडण्याइतका वेग घेतं. चाक एकच, म्हणून सुरुवातीला कुणीतरी पंखाचं टोक धरून पंख समपातळीत ठेवायचा. त्या दिवशी हे काम माझ्याकडे होतं. आडवा वारा होता. पंख उचलला जातोय असं वाटलं आणि आधार द्यायचा म्हणून मी टोक घट्ट धरलं. एवढंच. माझ्या बाजूचा पंख मागे राहिला, नाक माझ्याकडे वळलं, पंख गवताला टेकला. आत बसलेल्या सरांनी त्याच क्षणी पिवळी मूठ ओढून केबल सोडली. ग्लायडर घसटत थांबलं. केबल आणखी क्षणभर अडकलेली राहिली असती, तर त्या पंखावरच ग्लायडर उलटलं असतं.

सर रागावले नाहीत. त्यांनी माझा हात हातात घेऊन पंखाखाली ठेवला आणि किती हलकं धरायचं ते दाखवलं. तो स्पर्श मी आजही नव्या मुलांना तसाच शिकवतो: तळहातावर पंख नुसता टेकलेला, ना ओढ, ना दाब. सोबत धावायचं, ग्लायडर पुढे निघालं की हात आपोआप सुटला पाहिजे.

त्याहून मोठं काम त्याआधीचं. पंख उचलणं म्हणजेच ‘तयार’ अशी खूण. म्हणून उचलण्यापूर्वी वर आणि मागे पाहा, कुणी उतरायला येतंय का. काचेचं झाकण बंद आहे ना, एअरब्रेक आत घेऊन अडकवलेत ना, समोर माणूस किंवा जनावर नाही ना? शंका आली तर पंख खाली ठेवा. उड्डाण सुरू होत असताना धोका दिसला तर ‘स्टॉप’ ओरडायला कुणाची परवानगी लागत नाही. कालच आलेल्या मुलानेही ओरडावं.

आत बसणाऱ्यांना माझं सांगणं वेगळं आहे. डावा हात पिवळ्या मुठीवरच असू द्या, आणि पंख सावरत नाही असं दिसताच, तो जमिनीला टेकायची वाट न पाहता, केबल सोडा. वर चढताना केबल तुटली तर आधी नाक खाली घ्या, वेग परत येऊ द्या, वळायचं की सरळ उतरायचं ते मग ठरवा.

कुठेही ग्लायडिंग शिकायला जाल, तेव्हा पहिले काही दिवस तुम्हाला पंखच धरायला देतील. कंटाळू नका. आत बसलेल्याचा जीव त्या वेळी तुमच्या तळहातावर असतो.