संगणकातले नाणे

आपल्या वाशीम जिल्ह्यातील पुष्कळ मुले शिकून पुण्या-मुंबईस जातात. काही जण संगणकाच्या नोकरीत लागतात आणि निवृत्त झाल्यावर गावी परततात. समजा, असेच एक काका रिसोडला परत आले. हाती निवृत्तीची पुंजी आहे, वेळही आहे. त्यांना बिटकॉइन या नव्या नाण्याचे कुतूहल वाटू लागले.

शेजारच्या शेतकऱ्याने विचारले, "काका, हे नाणं ठेवता कुठं? खिशात?"

काका हसले. "नाही भाऊ, हे हातात येतच नाही. ही नुसती हिशेबाची नोंद आहे."

ही नोंद कशी असते, ते आपण पाहू.

पूर्वी सावकाराची वही सावकाराच्याच घरी असे. तीत काय लिहिले, ते कुळाला वाचता येत नसे. अंगठा उठवला की झाले! बिटकॉइनची वही तशी नाही. तिच्या नकला जगभर हजारो संगणकांत आहेत. साधारण दर दहा मिनिटांनी तिला नवे पान जोडले जाते. एका नकलेत कोणी खाडाखोड केली, तर ती बाकीच्यांशी जुळत नाही, म्हणून कोणी ती मानत नाही.

ही युक्ती २००८ साली सातोशी नाकामोतो या नावाने कोणीतरी मांडली. जानेवारी २००९ मध्ये वही सुरू झाली. एकंदर नाणी २ कोटी १० लाखांहून जास्त होणार नाहीत, असा तिचा नियम आहे. ज्याच्याजवळ गुप्त किल्ली, त्याचे नाणे. ही किल्ली म्हणजे एक लांबलचक आकडा. तो हरवला तर नाणेही गेले. दाद मागायला बँक नाही.

एके दिवशी काकांना फोन आला. "नाणी आमच्याकडे ठेवा. दरमहा शेकडा दहा देऊ."

काकांनी ही गोष्ट शेजाऱ्याला सांगितली. तो म्हणाला, "वही खरी, हे समजलं. पण ही वाढ कोण देणार? वही देणार, की तो माणूस?"

काका गप्प झाले. प्रश्न अगदी नेमका होता. कोणाकडे किती नाणी, एवढेच वही सांगते. उद्याचा भाव ती सांगत नाही. फोनवरचा माणूस खरा की खोटा, तेही सांगत नाही.

असेच वचन 'गेनबिटकॉइन' नावाच्या योजनेने दिले होते : दरमहा शेकडा १०, सलग १८ महिने. पुष्कळांनी त्यात पैसे घातले आणि ते अडकले. २०१८ साली पुणे पोलिसांनी योजनेचा प्रमुख अमित भारद्वाज याला अटक केली. तो २०२२ साली वारला.

योजना खरी असली तरी भाव पडतोच. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक बिटकॉइन सुमारे ६९ हजार डॉलरला होते. वर्षभरात ते १६ हजारांच्याही खाली गेले. सोयाबीनचा भाव पडला तरी घरात पोते उरते. येथे तेही नाही.

भारतात अशी नाणी घेणे-विकणे हा गुन्हा नाही. पण ते सरकारी चलन नव्हे, आणि रिझर्व्ह बँक त्याची हमी घेत नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर शेकडा ३० कर आहे. तोटा झाला तर तो दुसऱ्या उत्पन्नातून वजा होत नाही.

काकांनी त्या माणसाला नकार कळवला. नाण्याचा अभ्यास मात्र सोडला नाही.

आपणही लक्षात ठेवू. गुप्त किल्ली कोणाला सांगू नये. ठरलेल्या वाढीच्या वचनाला भुलू नये. म्हातारपणाची पुंजी पणाला लावू नये. फसवणूक झालीच, तर लाजून घरात बसू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. पूर्वी कागदावर अंगठा उठवत असू, आता मोबाईलवर ठेवतो. तेव्हा आधी वाचावे, मगच अंगठा ठेवावा.

प्रश्न
१. सावकाराची वही आणि बिटकॉइनची वही यांत फरक कोणता?
२. शेजाऱ्याने काकांना काय विचारले?
३. तुम्हाला असा फोन आला, तर तुम्ही काय विचाराल?