थांबलेल्या प्रोग्रामची झडती

यंदा आपल्या आंतर-हाऊस क्रॉस कंट्रीचे गुण संगणकावर मोजले गेले. तो प्रोग्राम मी सी भाषेत लिहिला होता. निकालात आमचे हाऊस ९ गुणांनी पहिले आले आणि ढाल आमच्या कॉमन रूममध्ये लागली. दिवाळीच्या सुट्टीत मी रिसालीला घरी गेलो. माझा आतेभाऊ इंजिनिअरिंगला आहे, त्याला प्रोग्राम दाखवताना सहज वहीतले गुण हाताने मिळवून पाहिले. तीन हाऊसची बेरीज जुळली. आमची मात्र १७ ने जास्त भरत होती.

हिशेब तसा साधा आहे. प्रत्येक हाऊसचे दहा धावपटू, त्यांना वेळेवरून गुण, आणि शर्यतीआधी तपासलेल्या टर्नआउटचे गुण वेगळे. आमचे टर्नआउटचे गुण ६ होते. मी प्रोग्राममध्ये जागोजागी ते छापायला लावले. सुरुवातीला ६ दिसले, शेवटी २३. मध्ये ते बदलणारी एकही ओळ मी लिहिलेली नव्हती. दादा म्हणाला, "अरे, छापत काय बसलास? डीबगर लाव आणि कोण लिहितंय ते पकड."

डीबगर म्हणजे चालत्या प्रोग्रामच्या आत पाहणारा दुसरा प्रोग्राम. आम्ही वापरला तो जीडीबी, रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेला. चूक सापडायला अर्धा तास लागला, पण तो हे करतो कसे हे समजायला उरलेली सुट्टी गेली. तेच इथे लिहितो.

पहिली अडचण अशी की एक प्रोग्राम दुसऱ्याची मेमरी वाचूच शकत नाही. आपल्या प्रत्येक डॉर्मिटरीत १२ नंबरचा लॉकर असतो, पण माझा १२ वेगळा आणि शेजारच्या डॉर्मिटरीतला वेगळा. तसेच प्रत्येक चालत्या प्रोग्रामला, म्हणजे प्रोसेसला, पत्त्यांची स्वतःची यादी मिळते. एकच पत्ता दोन प्रोसेसमध्ये रॅमच्या दोन वेगळ्या जागा दाखवू शकतो. कोणता पत्ता कुठे जातो याचा तक्ता कर्नेलच्या ताब्यात असतो. (हा कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. आपल्या कर्नल साहेबांशी त्याचे नाते नाही, अधिकार मात्र जवळपास तेवढेच.) त्यामुळे डीबगरला दुसऱ्याचा लॉकर उघडायचा तर कर्नेलकडे अर्ज करावा लागतो. लिनक्समध्ये या अर्जाचे नाव पीट्रेस. १९७५ च्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीतही तो होता.

जीडीबीमधून प्रोग्राम सुरू केला की जीडीबी आधी एक नवी प्रोसेस जन्माला घालतो. ती कर्नेलला कळवते की माझ्या पालकाला माझ्यावर नजर ठेवू द्या, आणि मग आपला प्रोग्राम स्वतःमध्ये चढवते. चढवून झाला की पहिली सूचना चालण्याआधीच कर्नेल तिला थांबवतो आणि पालकाला निरोप देतो. परेडवर "थम" म्हटल्यावर सगळे थांबतात, तसेच.

हे थांबणेच सगळ्यात महत्त्वाचे आहे. माझे बाबा भिलाई स्टील प्लांटमध्ये आहेत. तिथली पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. बाबा सांगतात, भट्टी रात्रंदिवस चालते, थांबवून आत डोकावता येत नाही, बाहेरून तापमान आणि दाब मोजूनच अंदाज बांधावा लागतो. मला वाटले होते की डीबगरही असाच बाहेरून काहीतरी मोजत असेल. पण तसे नाही.

रजिस्टर म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या अगदी थोड्या, अतिशय वेगवान जागा. ६४ बिटच्या इंटेल प्रोसेसरमध्ये सर्वसाधारण कामाची १६ रजिस्टरे असतात, आणि पुढची सूचना कोणती हे सांगणारे आरआयपी वेगळे. आता गंमत पाहा. डीबगर स्वतः चालतो तेव्हा तोही हीच रजिस्टरे वापरतो. मग त्याला दुसऱ्याची कशी दिसणार? उत्तर असे की प्रोसेस थांबून कर्नेलच्या हवाली होते, तेव्हाच तिची रजिस्टरे कर्नेलच्या मेमरीत उतरवून ठेवली जातात. डीबगरला मिळते ती या नोंदीची नक्कल. त्याने नोंदीत एखादा आकडा बदलला, तर प्रोसेस पुन्हा चालू होताना तोच बदललेला आकडा रजिस्टरमध्ये भरला जातो. झोपेत कोणी आपल्या खिशातली चिठ्ठी बदलावी तसे. प्रोसेसला पत्ताही लागत नाही.

मेमरीचेही तसेच. डीबगर पत्ता देतो, कर्नेल त्या प्रोसेसचा तक्ता पाहून खरी जागा शोधतो आणि एका अर्जाला आठ बाइट आणून देतो. जास्त हवे असेल तर प्रत्येक प्रोसेसची मेमरी एखाद्या फाइलसारखी उघडण्याचीही सोय आहे. अर्थात कोणीही उठून कोणाचीही झडती घेऊ शकत नाही. मी माझाच प्रोग्राम एका खिडकीत चालू ठेवून दुसऱ्या खिडकीतून जीडीबी जोडायला गेलो, तर परवानगी नाही असे उत्तर आले. उबुंटूवर साध्या वापरकर्त्याला फक्त स्वतः जन्माला घातलेल्या प्रोसेसवर नजर ठेवता येते. नाहीतर एखादा चोर प्रोग्राम ब्राउझरमधले पासवर्ड वाचून मोकळा झाला असता.

हव्या त्या ओळीवर थांबवण्याची युक्ती मला सगळ्यात आवडली. डीबगर त्या ओळीच्या सूचनेचा पहिला बाइट बाजूला लिहून ठेवतो आणि त्या जागी २०४ हा आकडा टाकतो. इंटेलच्या प्रोसेसरसाठी २०४ चा अर्थ "थांब, कर्नेलला बोलाव". प्रोसेस तिथे पोचली की अडकते. मग डीबगर मूळ बाइट परत ठेवतो, आरआयपी एकने मागे घेतो (कारण तो २०४ च्या पुढे गेलेला असतो), एकच सूचना चालवतो आणि पुन्हा २०४ पेरतो. म्हणजे पाहण्यासाठी तो चक्क प्रोग्राममध्ये खाडाखोड करतो. ती खाडाखोड कर्नेल त्या प्रोसेसपुरत्या वेगळ्या प्रतीवर करतो, म्हणून डिस्कवरची फाइल तशीच राहते.

आमच्या कामाला मात्र ही युक्ती उपयोगी नव्हती, कारण कुठे थांबायचे हेच माहीत नव्हते. त्यासाठी प्रोसेसरमध्येच पहारेकरी आहेत. १९८५ च्या ८०३८६ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत पत्ता ठेवण्याची चार डीबग रजिस्टरे असतात. त्यात पत्ता ठेवला की त्या जागी कोणीही लिहिताच प्रोसेसर स्वतः थांबतो. चारच पहारेकरी, पण प्रोग्रामचा वेग जराही कमी होत नाही. आम्ही टर्नआउटच्या जागेवर पहारा लावला आणि शर्यतीची सगळी नोंद पुन्हा भरली. दहा धावपटू गेले, काही झाले नाही. मग पडद्यावर आले: जुनी किंमत ६, नवी किंमत २३.

थांबलेली ओळ धावपटूचे गुण साठवणारी होती. रजिस्टरे पाहिली, एकात १० होते. सीमध्ये मोजणी शून्यापासून होते, म्हणजे हा अकरावा! आमच्या हाऊसचा राखीव धावपटूही पळाला होता. त्याचे गुण धरायचे नव्हते, तरी मी त्याची वेळ टाइप केली होती. दहा धावपटूंच्या गुणांना प्रत्येकी चार बाइट, म्हणजे चाळीस. एक्केचाळिसाव्या बाइटपासून टर्नआउट सुरू होत होते. त्याचे २३ गुण बरोबर तिथे जाऊन बसले. २३ वजा ६, सतरा. आम्ही ९ ने जिंकलो नव्हतो, ८ ने हरलो होतो.

दादाने पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि चहा करायला उठून गेला.

सुट्टीवरून परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी प्रेपच्या आधी मी वही आणि पडद्याचा छापील कागद घेऊन हाऊस मास्टर सरांकडे गेलो. सरांनी बेरीज दोनदा केली. त्या शनिवारी ढाल दुसऱ्या हाऊसकडे गेली. आमच्या हाऊस कॅप्टनने दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले. तिसऱ्या दिवशी त्याने विचारले, हॉकीचे गुण मोजायचा प्रोग्राम तयार आहे का, आणि त्यात अकरा खेळाडू मावतात का.