पाळी गेल्यावरचा डाग

पाळी जाऊन वर्षं लोटली होती आणि ऐन श्रावणात मला पुन्हा डाग दिसला. जाऊबाई म्हणाल्या, "उष्णता असेल, सब्जा घ्या." शेजारच्या अक्कांचं असंच आपोआप थांबलं होतं म्हणे. माझंही थांबलं. सून मात्र ऐकेना. "आत्या, थांबलं तरी मिरजेला जायचंच." आम्हा सदलग्याच्या लोकांना मोठ्या दुखण्याला मिरजच आठवते, 1894 साली वॉन्लेस डॉक्टरांनी तिथं इस्पितळ उभारलं, तेव्हापासूनची ती वाट आहे.

आतून सोनोग्राफी केली. गर्भपिशवीचं अस्तर जाड दिसलं, म्हणून तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला, पण पिशवीच्या आतच होता. पिशवी आणि अंडाशय काढले, आणि पुढचे उपचार लागले नाहीत.

डॉक्टरबाईंनी शुगर, बीपी विचारलं, कमरेला टेपही लावली. पिशवीच्या दुखण्यात कमरेचं काय, असं मला वाटलं. त्यांनी बसून समजावलं. पाळी गेली की अंडाशयाचं काम थांबतं, पण चरबी इस्ट्रोजेन बनवतच राहते. अस्तराला लगाम घालणारं प्रोजेस्टेरॉन मात्र उरत नाही. उसाला पाणी चालू आणि तोड बंद, तसं अस्तर माजतं. त्यात शरीर इन्सुलिनला दाद देईना झालं की ते आणखी इन्सुलिन बनवतं, आणि त्यानंही पेशींच्या वाढीला जोर येतो.

पाच गोष्टी बघायच्या: कंबर 80 सेंटीमीटर किंवा जास्त, बीपी वरचं 130 किंवा खालचं 85, किंवा त्याहून जास्त, उपाशीपोटी शुगर 100 किंवा जास्त, ट्रायग्लिसराइड 150 किंवा जास्त, चांगलं कोलेस्टेरॉल 50 च्या खाली. बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर तीही धरायची. यातल्या तीन जुळल्या की मेटाबॉलिक सिंड्रोम. माझ्या चार जुळत होत्या. शुगरची गोळी एका दवाखान्याची, बीपीची दुसऱ्या. अंगावर जातं का, हे दोन्हीकडे कुणी विचारलं नव्हतं. आणि पुरुष डॉक्टरांपुढे आपण होऊन हे सांगायची आमच्याकडे रीत नाही. ही रीत मोडायला हवी.

पाळी गेल्यावर डाग दिसणाऱ्या दहा जणींत साधारण एकीलाच कॅन्सर निघतो, म्हणून घाबरून जाऊ नका. पण हा कॅन्सर झालेल्या दहांतल्या नऊ जणींना आधी रक्त गेलेलं असतं. शरीर इतकी उघड सूचना फार थोड्या कॅन्सरांत देतं. शिबिरातली पॅप तपासणी चांगली आली म्हणून निर्धास्त राहू नका. ती पिशवीच्या तोंडाची असते, अस्तराची नव्हे. ज्या लेकीसुनांना पीसीओडी आहे, महिनोन्‌महिने पाळी येत नाही, त्यांचंही अस्तर असंच माजू शकतं, म्हणून त्यांनीही वेळेत दाखवावं.

दुसरं टोकही वाईटच. ऊसतोडीला आपल्या शिवारात येणाऱ्या बीडच्या बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याचा बोभाटा झाला, आणि 2019 मध्ये महाराष्ट्र सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तेव्हा भीतीपोटी पिशवी काढू नका. आधी तुकड्याचा रिपोर्ट हातात घ्या.

आमच्या जैन घरांत पर्युषणात उपवास असतात. शुगरची गोळी चालू असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. आणि पाळी गेल्यावर एकदा जरी डाग दिसला, तर "पाळी गेल्यावर रक्त गेलं" एवढं स्पष्ट सांगा. कुणी नुसती रक्त थांबवायची गोळी लिहून दिली, तर सोनोग्राफी आणि तुकड्याची तपासणी मागून घ्या.