यादी माझ्या नावाची होती

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना होस्टेलच्या वाय-फायचा माझा आयडी आणि पासवर्ड मी खोलीतल्या मित्राला दिला. त्याचं लॉगिन बंद पडलं होतं आणि सबमिशन तोंडावर आलं होतं. महिन्याभराने शिस्तपालन समितीचं बोलावणं आलं. माझ्या आयडीवरून टॉरेंटने सिनेमे उतरवले गेले होते. बाबांनाही बोलावून घेतलं होतं.

टेबलावर छापील यादी होती. तारीख, वेळ, वेबसाइटचं नाव. सिनेमांच्या ओळी मित्राच्या होत्या; पण रात्री दोन-अडीचच्या काही ओळी माझ्या होत्या. नैराश्य, समुपदेशन, निद्रानाश यांची माहिती देणाऱ्या वेबसाइट्स. घरी मी यातलं अवाक्षरही काढलं नव्हतं. बाबांनी यादी शेवटपर्यंत वाचली, दंड भरला. स्टँडवर एसटीत चढताना एवढंच विचारलं, "झोप लागत नाही का रे तुला?"

आयडी दिला ही चूक माझीच. पण चौकशी सिनेमांची होती आणि चव्हाट्यावर आलं माझं दुखणं. म्हणून नव्याने होस्टेलवर येणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो.

लॉगिन केल्यापासून कुठली वेबसाइट, किती वाजता, किती डेटा, याची नोंद तुमच्या नावावर होऊ शकते. वेबसाइट एचटीटीपीएसवर असेल तर आत काय वाचलं, काय टाइप केलं ते सहसा दिसत नाही. वेबसाइटचं नाव मात्र बहुधा दिसतं. इन्कॉग्निटोने फक्त तुमच्या ब्राउझरमधला इतिहास राहत नाही, नेटवर्कवरची नोंद तशीच राहते. कॉलेजने लॅपटॉपमध्ये सर्टिफिकेट टाकायला सांगितलं तर कशासाठी ते आधी विचारा, कारण त्याच्या आधारे फायरवॉल एचटीटीपीएसचा मजकूरही उघडू शकते. आजारपण, बँक, घरगुती बाबी मोबाइल डेटावर पाहा. आणि पासवर्ड जिवलगालाही देऊ नका.

नोंदी ठेवूच नयेत, असं मी म्हणत नाही. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022च्या निर्देशांत लॉग 180 दिवस जपायला सांगितलं आहे, ते सायबर सुरक्षेसाठी. पण खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने सांगितलं. होस्टेलमधल्या मोबाइलबंदीला नकार दिल्याने काढून टाकलेल्या विद्यार्थिनीच्या खटल्यात केरळ उच्च न्यायालयाने 2019मध्ये इंटरनेट वापरण्याचा हक्क शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. होस्टेलच्या दारात हे हक्क संपत नाहीत.

म्हणून प्रवेश घेतानाच लेखी विचारा: काय नोंदवता, किती दिवस ठेवता, कोण पाहू शकतं? आणि प्राध्यापकांना, रेक्टरांना हात जोडून विनंती आहे. तक्रार ज्या ओळींची असेल, तेवढ्याच ओळी छापा. बाकीच्या ओळींत एखादं पोर रात्री दोन वाजता मदत शोधत असतं.