लोक छान म्हणतात, मग पैसा का दिसत नाही? एका व्हिडिओ गेमकडून तीन वह्यांचा धडा



नांदेड असो की लातूर, आपल्या बॅचमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, गूगलवर रेटिंग चांगलं आहे, जो चाखतो तो छानच म्हणतो, पण महिनाअखेरीला गल्ल्यात काही उरत नाही. असं का?" दुसरा प्रश्न याच्या बरोबर उलटा असतो. "माल तर पंचवीस दुकानांत गेलाय, मग हातात पैसा का नाही?"

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. कौतुक, विक्री आणि परत येणारं गिऱ्हाईक या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकाच वहीत लिहितो. आजच्या धड्यात त्या तीन वह्या वेगळ्या करू. व्हिडिओ पाहिला नसेल तरी चालेल, हा लेख स्वतंत्र वाचता येईल.

उदाहरण घेतलंय व्हिडिओ गेमचं. "आपण मसाले विकणारी माणसं, गेमशी आपला काय संबंध?" असं वाटेल. संबंध असा, की गेमच्या धंद्यात बऱ्याच गोष्टी उघड्यावर होतात. किंमत सगळ्यांना दिसते, समीक्षकांचे गुण छापून येतात, ग्राहकांची नाराजी जगजाहीर असते. आपल्या धंद्यात जे झाकलेलं राहतं, ते तिथं स्पष्ट दिसतं. म्हणून शिकायला सोपं.

पुण्याची 'राजी'

पुण्यात नॉडिंग हेड्स गेम्स नावाचा एक छोटा स्टुडिओ आहे. श्रुती घोष आणि अविचल सिंग हे त्याच्या संस्थापकांपैकी. त्यांनी 'राजी: ॲन एन्शंट एपिक' हा गेम बनवला. राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. राखीपौर्णिमेच्या दिवशी असुर तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि ती दुर्गेने दिलेलं त्रिशूळ घेऊन त्याला सोडवायला निघते. किल्ले आणि महाल राजस्थानी वळणाचे, कथा आपल्या पुराणांच्या वातावरणातली.

२०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला. तिथला नियम कडक असतो. ठरवलेली पूर्ण रक्कम जमली तरच पैसे मिळतात, नाहीतर एक रुपयाही हातात येत नाही. यांची रक्कम जमली नाही. पुढे काम चालू ठेवायला संस्थापकांनी स्वतःची पुंजी घातली, त्यांच्यातल्या एकाने फ्लॅट विकला. नंतर प्रकाशक मिळाला. १८ ऑगस्ट २०२० ला गेम आधी निन्टेंडो स्विचवर आला आणि १५ ऑक्टोबर २०२० ला कॉम्प्युटर, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर.

त्याच वर्षी डिसेंबरात जगातल्या मोठ्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी राजीला नामांकन मिळालं. बक्षीस 'फॅस्मोफोबिया' या गेमला गेलं. पण पुण्याच्या छोट्या टीमचं नाव त्या यादीत येणं ही मोठीच गोष्ट होती.

आता या गोष्टीकडे तीन वह्यांतून बघू.

पहिली वही: समीक्षकांची

वेगवेगळ्या समीक्षकांनी दिलेले गुण एकत्र करून सरासरी काढणाऱ्या वेबसाइट असतात. तिथं राजीला शंभरपैकी सत्तरच्या आगेमागे गुण मिळाले. म्हणजे पास झाला, पण मेरिट नाही.

बहुतेक नवउद्योजक इथंच थांबतात. सत्तर हा आकडा बघून खूश तरी होतात किंवा खचतात तरी. पण सरासरी आकड्यातून काय करायचं ते कळत नाही. समीक्षा मुद्द्याप्रमाणे फोडून वाचावी लागते. राजीच्या समीक्षा अशा फोडल्या तर दोन रकाने होतात.

कौतुकाचा रकाना: चित्रं सुंदर, इमारती डोळ्यांत भरतात, संगीत छान, भारतीय कथेचा बाज नवा.

तक्रारीचा रकाना: लढाई हवी तेवढी चपळ नाही, काही ठिकाणी कॅमेरा आड येतो, गेम मोजक्या तासांत संपतो, शेवट अचानक होतो.

नीट बघा. कौतुक आहे ते दिसण्याचं आणि कल्पनेचं. तक्रार आहे ती हातात घेतल्यावर येणाऱ्या अनुभवाची. हा फरक तुमच्या धंद्यातही असतो. "पॅकिंग मस्त आहे, नाव मस्त आहे" हे पहिल्या पाकिटाचं कौतुक. "मीठ जास्त पडलंय, पाकीट फोडलं की परत बंद होत नाही" ही तक्रार दुसरं पाकीट थांबवते.

आणखी एक गोष्ट. समीक्षकाने खिशातून पैसे मोजलेले असतीलच असं नाही, आणि उद्या परत घ्यायचं बंधन तर त्याच्यावर मुळीच नसतं. तुमचे पाहुणे, बचत गटाच्या प्रदर्शनात नमुना चाखणारे, कार्यक्रमात हार घालून सन्मानचिन्ह देणारे हे सगळे पहिल्या वहीतले लोक. त्यांचं ऐका, मुद्दे लिहून घ्या. पण त्या वहीवर बँकेचा हप्ता भरता येत नाही.

दुसरी वही: विक्रीची

इथं अमेरिकेतलं एक जुनं उदाहरण घेऊ. १९८२ मध्ये अटारी कंपनीने 'ई.टी.' या गाजलेल्या सिनेमावर गेम काढला. नाताळच्या आधी दुकानात यायलाच हवा म्हणून तो सुमारे पाच आठवड्यांत बनवला गेला. सिनेमाच्या नावावर दुकानदारांनी माल भरला. सुरुवातीला आकडे जोरात दिसले. साधारण पंधरा लाख प्रती खपल्या असं सांगितलं जातं, पण बनवल्या होत्या त्याहून कितीतरी जास्त. उरलेला माल दुकानांतून परत आला. १९८३ मध्ये अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्यातल्या ॲलमोगॉर्डो गावाजवळ कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला. २०१४ मध्ये तो खड्डा उकरला तेव्हा ई.टी.ची पाकिटं खरोखर सापडली.

लाखो प्रती खपूनही नुकसान कसं? कारण आपल्या भाषेत सांगायचं तर माल टाकणं वेगळं आणि माल उठणं वेगळं.

समजा, तुम्ही नांदेडला येसर बनवता. वजिराबादपासून लातूरच्या गंजगोलाईपर्यंत २५ दुकानांत मिळून ५०० पाकिटं टाकली. एका पाकिटाचा खर्च ४२ रुपये, दुकानदाराला दर ५० रुपये. वहीत तुम्ही लिहिलं, विक्री २५,००० रुपये, खर्च २१,०००, नफा ४,०००. पेढे वाटले.

दोन महिन्यांनी कळलं की गिऱ्हाइकाने घेतली ३२० पाकिटं. १८० परत आली, वास उतरलेला, पुन्हा विकता येत नाहीत. आता हिशेब करा. आले १६,०००. खर्च तोच २१,०००. तोटा ५,०००. कागदावरचा चार हजारांचा नफा आणि हातातला पाच हजारांचा तोटा, माल तोच.

म्हणून दुसऱ्या वहीत फक्त उठलेला माल लिहायचा. टाकलेला माल पेन्सिलने लिहा, उठला आणि पैसे आले की पेनाने.

याच वहीत दुसरा रकाना हवा, मधल्या माणसाचा. स्टीम हे कॉम्प्युटर गेमचं मोठं ऑनलाइन दुकान. ते साधारणपणे विक्रीतले ३० टक्के ठेवतं. उरलेल्यातून प्रकाशकाचा वाटा, कर, मग बनवणाऱ्याच्या हातात काय ते. त्यामुळे शंभर रुपयांचा गेम विकला म्हणजे स्टुडिओला शंभर मिळाले असं होत नाही. तुम्ही डिलिव्हरी ॲपवर डबा विकत असाल तर तुमचंही तेच आहे. आलेल्या ऑर्डरी मोजू नका, कमिशन कापून खात्यात आलेले पैसे मोजा.

तिसरी वही: परत येणाऱ्याची

नवी मुंबईच्या गेमशन कंपनीचा 'लुडो किंग' तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाइलवर असेल. विकास जयस्वाल यांच्या या कंपनीने तो २०१६ मध्ये आणला. खेळ आपला जुनाच, घरोघरी माहीत असलेला. त्याच्या कलाकुसरीवर मोठे समीक्षालेख कुणी लिहीत बसलं नाही. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी तोच चालू होता, गावाकडची आत्या आणि पुण्यातला भाचा एकाच डावात. गेम फुकट आहे, कमाई जाहिरातींतून आणि गेममधल्या छोट्या खरेदीतून होते. म्हणजे माणूस रोज परत आला तरच पैसा.

राजीची रचना वेगळी. एकदा पैसे द्या, गोष्ट पूर्ण करा, संपलं. तिथं परत येणं म्हणजे पुढचा भाग घेणं किंवा मित्राला सांगणं. म्हणून तिसरी वही प्रत्येक धंद्यात वेगळी दिसते. येसरात ती 'दुसरं पाकीट कधी घेतलं' अशी असते, ब्युटी पार्लरमध्ये 'महिन्याभरात परत आली का' अशी, लग्नाच्या मंडपवाल्याकडे 'कुणाच्या सांगण्यावरून आलात' अशी.

स्टीमवर आणखी एक नियम आहे. घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करून पैसे मागता येतात. त्यामुळे गेमवाल्यांना पहिले दोन तास फार जपावे लागतात. तुमच्या धंद्यातले 'पहिले दोन तास' कोणते, हे शोधा. खानावळीत ती पहिली भाकरी असते. शिकवणीत पहिला आठवडा.

तक्रारीचं काय करायचं?

राजीच्या टीमने लढाईवरच्या तक्रारी ऐकून घेतल्या. २०२२ मध्ये सुधारित आवृत्ती आली. त्यात हिंदी आवाज आला आणि खेळण्यातही सुधारणा झाल्या. पुढे गेम नेटफ्लिक्सच्या मोबाइल गेममध्येही गेला आणि 'राजी: कलियुग' हा पुढचा भाग जाहीर झाला. कौतुकाच्या रकान्यातलं जे होतं, म्हणजे चित्रं आणि कथेचा बाज, ते त्यांनी टिकवलं. दुरुस्ती तक्रारीच्या रकान्यात केली. तक्रार आली म्हणून सगळंच बदलायला निघालात तर ज्यासाठी लोक आले तेही जातं.

फ्लॅट विकल्याची गोष्ट जपून ऐका

हा मुद्दा मुद्दाम शेवटी घेतोय. फ्लॅट विकल्याचं ऐकलं की टाळ्या वाजतात, आणि घरी जाऊन कुणीतरी बायकोचं सोनं गहाण टाकायचा विचार करतं. थांबा. त्या टीमकडे तोपर्यंत लोकांना खेळून बघता येईल असा नमुना होता, हातात कसब होतं. तरीही जोखीम मोठीच होती. अशीच जोखीम घेऊन बुडालेल्यांच्या गोष्टी कुणी स्टेजवर सांगत नाही.

त्यामुळे प्लॉट, सोनं किंवा सोयाबीनचे आलेले पैसे धंद्यात घालण्याआधी तिसऱ्या वहीत निदान तीस नावं असू द्या. ओळखीच्या नसलेल्या, पूर्ण पैसे मोजून दुसऱ्यांदा घेतलेल्या तीस माणसांची नावं. ती भरत नसतील तर अडचण भांडवलाची नाही, मालाची किंवा दराची आहे. कर्ज काढून ती सुटणार नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

१. दोनशे पानी वही घ्या, तीन भाग करा.

२. पहिल्या भागात गेल्या महिन्यात ऐकलेलं कौतुक आणि तक्रार दोन रकान्यांत लिहा. "छान आहे" चालणार नाही, काय छान ते लिहा.

३. दुसऱ्या भागात टाकलेला माल, उठलेला माल, परत आलेला माल, हातात आलेले पैसे. चारही आकडे दुकानवार.

४. तिसऱ्या भागात दुसऱ्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख.

५. रविवारी तिन्ही भाग शेजारी ठेवून बघा. पहिली वही भरलेली आणि तिसरी रिकामी असेल तर माल सुधारा. तिसरी भरलेली आणि दुसरीत पैसा नसेल तर दर आणि कमिशन तपासा. दुसरी भरलेली आणि तिसरी रिकामी असेल तर सावध व्हा, तो माल परत यायच्या वाटेवर असू शकतो.

पुढच्या धड्यात दर कसा ठरवायचा ते बघू. येताना वही घेऊन या, कारण त्यातल्या दुसऱ्या भागाचे आकडे आपल्याला लागणार आहेत.