तुडतुडा आणि भात

भाताच्या बुंध्याशीं बसून रस शोषणारा तपकिरी तुडतुडा उभें शेत करपवून टाकतो. त्यास दाद न देणारा 'आय. आर. २६' हा वाण फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेंतून १९७३ सालीं बाहेर पडला. परंतु दोन-तीन वर्षांतच तेथील तुडतुडा त्यावरहि पोसूं लागला. कीटक नवी विद्या शिकला काय? नाहीं. या वाणावर जगूं शकणारे थोडे तुडतुडे पूर्वींपासूनच होते. जिकडेतिकडे हाच वाण पेरला जातांच इतरांची वाढ खुंटली आणि त्या थोड्यांचीच संतति माजली. मग १९७६ सालीं 'आय. आर. ३६' हा दुसरा वाण पुढें आणावा लागला. एकाच वाणाच्या भरंवशावर साऱ्या गांवाचें अन्न ठेवणें किती धोक्याचें आहे, हें आम्हांस यावरून समजतें.